बट्टा, बाजार आणि सरकारवाडा

आमच्या तात्यांचा पेशव्यांवर राग होता. तो राजकारणातला नव्हता, हिशेबातला होता. तात्या म्हणजे माझे आजोबा. नाशिकच्या सराफ बाजारातल्या एका पेढीवर त्यांनी दिवाणजी म्हणून हयात काढली. त्या पेढीच्या मालकांच्या कुणा पूर्वजानं म्हणे सरकारवाड्याला, म्हणजे पेशव्यांच्या नाशिकमधल्या कचेरीला, मोठी रक्कम कर्जाऊ दिली होती आणि १८१८ साली इंग्रज आले तेव्हा मुद्दल, व्याज सगळंच बुडालं. तो कर्जरोखा कुणी पाहिलेला नव्हता. खुद्द मालकांनाही त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण तात्यांना होतं. "खतावणीत नाव चढलं की माणूस मेला तरी खातं बंद होत नाही," असं म्हणून ते सरकारवाड्याकडे असं बघत, की जणू जुना थकबाकीदारच समोरच्या ओट्यावर पाय पसरून बसला आहे.

थोरल्या माधवरावांना मात्र त्यांनी माफी दिली होती. थेऊरला मरणाच्या दारात असताना त्या सत्तावीस वर्षांच्या मुलानं राज्याचं कर्ज फेडण्याची तजवीज केली, हे तात्या इतक्या अभिमानानं सांगत की वाटावं ती रक्कम यांच्याच पेढीवर जमा झाली असावी. आणि मग आवाज खाली आणून, "आई इथं नाशकात राहिली ना त्याची शेवटी," अशी पुस्ती जोडत. गोपिकाबाईंनी उत्तरायुष्य नाशिक-गंगापूरकडे काढलं हे खरंच आहे. त्यांच्या जावेचं नाव लावणारं आनंदवल्लीही तिथून जवळच. दोघींचं पुण्यात पटलं नाही. एकीच्या मुलाशी दुसरीच्या नवऱ्यानं उभा दावा मांडला होता, आणि गोदावरीचं, नाशिककरांच्या गंगेचं, पाणी मात्र आधी एकीच्या दारावरून, मग दुसरीच्या दारावरून वाहत राहिलं. आमच्या घरात पेशवाई आली ती ही अशी, कर्जाच्या आणि जावांच्या वाटेनं. पानिपत फार उशिरा, शाळेत कळलं.

नाशिकला येणारा पाहुणा रामकुंडावर जातो, काळाराम बघतो, नारोशंकराची घंटा बघतो. पितळी भांडी घ्यायची असली तर भांडी बाजारातून हिंडतो आणि सरकारवाड्यावरून सरळ पुढे निघून जातो. त्यात त्याचा दोष नाही. वाड्याभोवती दुकानं, हातगाड्या, दुचाक्या यांची इतकी दाटी असते की मान वर केल्याशिवाय तो दिसत नाही. मान वर केली तर काळ्या दगडाचं भक्कम जोतं, रस्त्यापासून चढत जाणाऱ्या पायऱ्या आणि वरच्या मजल्याचं सागवानी काम दिसतं. पेशव्यांचा नाशिकमधला कारभार जिथून चालला तो हा वाडा. शाळेच्या इतिहासात मध्ययुग १८१८ पर्यंत ताणलेलं असतं, त्या हिशेबानं तो मध्ययुगाच्या अगदी शेपटाला लोंबकळतो. आज तो राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. खात्याचं नाशिकचं कार्यालयही तिथंच आहे.

मी मात्र याला नाशिकच्या बाजाराची इमारत म्हणते. कारभाराच्या वाड्याला तसं कसं म्हणायचं? पोलंडमधल्या क्राको शहराच्या भर चौकात कापडवाल्यांची जुनी लांबलचक इमारत आहे, तिच्यात अजून दुकानं भरतात. इस्फहानच्या बाजारात जुन्या सराया आहेत. तसं व्यापाऱ्यांनी व्यापारासाठी बांधलेलं, मध्ययुगापासून उभं राहिलेलं एक मोठं घर नाशिकमध्ये दाखवता येत नाही. इथला व्यापार ओट्यावर आणि गादीवर झाला. पुढं दुकान, मागं घर, वर माडी. पण त्या ओट्यांची रांग कुठून सुरू होते आणि कुठं वळते हे पाहिलं तर ती सरकारवाड्याला बिलगून आहे. सराफ कट्ट्यावर का बसला, भांडी बाजार पलीकडेच का वसला, याचं उत्तर वाड्यातल्या खजिन्यात आहे. माझ्या मते नाशिकच्या बाजाराची इमारत हीच. फक्त ती बाजारानं बांधली नाही.

तात्या हे समजावून सांगायचे ते बट्ट्याच्या हिशेबानं. त्यांच्या काळी बट्टा उरलाच नव्हता, पण त्यांना पेढीवर ठेवून घेणारे म्हातारे दिवाणजी बट्ट्याच्या काळातल्या माणसाच्या हाताखाली शिकलेले. अशी ती विद्या हातोहात आली होती. पेशवाईत रुपया एक नव्हता. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, सुरती, हाली सिक्का, शिवाय प्रत्येक संस्थानाचं वेगळं. खुद्द नाशिकला टांकसाळ होती. तिच्या नाण्यांवर गावाचं नाव होतं गुलशनाबाद, म्हणजे मोगलांनी ठेवलेलं. बादशहाचं नाव शाह आलमचं. आणि खूण जरीपटक्याची. दिल्लीचा बादशहा, मोगली गाव आणि मराठ्यांचं निशाण, तिघं एका रुपयावर. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कारण बघायचं ते नाव नाही, चांदी.

आणि चांदी प्रत्येकाची सारखी नसे. कुणात भेसळ जास्त, कुणी वापरून झिजलेला, कुणी कडेनं कातरलेला. कुळानं सारा भरायला आणलेले रुपये वाड्यात जसेच्या तसे घेत नसत. पोतदार ते पारखायचा, खणखणवायचा, आणि चालू नाण्याच्या मानानं ते किती उतरतात ते सांगायचा. तो उतार म्हणजे बट्टा. समजा शंभरामागं दोन बट्टा असला तर एकशे दोन दिल्यावर शंभर जमा. आता देवळालीकडून किंवा दिंडोरीकडून आलेल्या पाटलाला हा घोळ वाड्याच्या पायरीवर नको असायचा. तो आधी समोरच्या सराफाकडे जायचा, हातातली खिचडी देऊन एकजात नाणं घ्यायचा आणि मग वर चढायचा. सराफाला बट्टा मिळाला, सरकारला चोख रक्कम मिळाली, पाटलाचा वेळ वाचला. पैसा कमी पडला तर तोच सराफ पुढच्या पिकावर उचलही द्यायचा. "वाड्याच्या पायरीवर एक पाय आणि पेढीच्या पायरीवर दुसरा, मधे शेतकरी," असं तात्या म्हणायचे. यात शेतकऱ्याचं काय होत असेल हे ते बोलत नसत, दिवाणजीच होते शेवटी.

हे सगळं एका कायद्यानं संपलं. १८३५ साली कंपनी सरकारनं एकच रुपया आणला, १८० ग्रेन वजनाचा, त्यातली १६५ ग्रेन शुद्ध चांदी. जुनी नाणी काही वर्षं रेंगाळली आणि मग मुशीत गेली. बट्ट्यावर जगणाऱ्या सराफांचा धंदा बसला. बरेचसे सोन्या-चांदीच्या दागिन्यांकडे वळले, काही सावकारीत गेले. नव्या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणून तोच तागडीत वजन म्हणून पडू लागला. आमच्या लहानपणी दशमान वजनं येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आजी वैद्याकडून आणलेलं औषध रुपयाभार म्हणूनच मोजायची. पुढं १९२५ च्या सुमाराला नाशिकरोडला सरकारी छापखाना आला, १९२८ पासून तिथं नोटाही छापू लागले. गुलशनाबादची टांकसाळ गेली आणि शतकानं पैसा पुन्हा नाशकातच जन्माला यायला लागला. तात्यांना नोटांचं कौतुक नव्हतं. "वाजवून बघता येत नाही," एवढंच म्हणायचे.

पेढी मला आठवते. पांढरी गादी, लोड, तक्के, लाकडी कलमदान, भिंतीत बसवलेली तिजोरी. कसोटीचा काळा दगड एका फडक्यात गुंडाळलेला असे, त्याला आम्हा मुलांनी हात लावायचा नाही. लाल कापडी बांधणीच्या वह्या उभ्या न लावता एकावर एक आडव्या रचलेल्या. रोजमेळ रोज लिहायचा, त्यातून खतावणीत उतरवायचं, आणि दिवाळीच्या पाडव्याला नवी वही सुरू करायची. जुन्या वह्या मोडीत होत्या. तात्यांची मोडी बघून मला वाटे की हे लिहीत नाहीत, एकच दोरा न तोडता ओळभर नेतात. तात्यांनी मला मोडी शिकवली नाही. "तुला काय करायचंय," म्हणाले. मुलीला हिशेबाची लिपी शिकवण्याची कल्पना त्या घरात नव्हती.

आजीचा बाजार निराळा. तिला सराफ कट्ट्यात रस नव्हता, तांबट आळीत होता. हंडे, कळशा, घागरी, बंब, पराती, तपेली. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी मुंबई-पुण्याला नावाजलेली होती आणि गावात त्यावर कित्येक घरं जगत. आजी सांगायची, ती लग्न होऊन आली तेव्हा पहाटे काकडा संपायच्या आत ठोक्यांचा आवाज सुरू होई. पत्रा ठोकून त्याला पोट आणायचं, गळा काढायचा, मग चकाकीसाठी अंगभर बारीक ठोके मठारायचे. मठारलेल्या हंड्यावर उजेड पडला की सगळा हंडा टिकल्याटिकल्यांचा दिसतो. भांडं वजनावर विकलं जाई, त्यावर घडणावळ. जुनं फुटकं भांडं मोड म्हणून घेत आणि तेवढं वजन नव्यातून वळतं करत. आजीचं सगळं कौशल्य या मोडीच्या भावात असायचं. सासूचं भांडं मोडीत घालताना ती दहादा विचार करी, कारण त्यावर नाव घातलेलं असे. टोच्यानं ठिपके ठिपके मारून काढलेलं नाव, गाव, कधी सालही. हंडा मोडीत गेला की नावही मुशीत.

पुढं अॅल्युमिनियम आलं, मग स्टेनलेस स्टील. कल्हईवाले दारावरून फिरेनासे झाले. आळीतले ठोके थांबत गेले, घरं मात्र तीच राहिली. जुन्या तांबट आळीत पेशवेकाळापासूनची रंगाची रहाड, म्हणजे जमिनीतला हौद, आहे. एरवी ती बुजवलेली असते. रंगपंचमीला उघडतात आणि पोरं त्या रंगाच्या पाण्यात धप्पकन उड्या मारतात. रहाड टिकली, कारण वर्षातून एकदा तरी ती लागते.

कुंभमेळ्याचं साल म्हणजे तांबटांची खरी सुगी. आलेला प्रत्येक यात्रेकरू गंगाजळीचा छोटासा तांब्याचा गडू घेऊन जाणार. तो भरायचा, तोंड डाक देऊन बंद करायचं, गावी नेऊन देव्हाऱ्यात ठेवायचा. यात्रा आणि दानधर्म हेच नाशिकचे सगळ्यात जुने ग्राहक, असं तात्या म्हणत, आणि त्याला ते पुरावाही देत.

तो पुरावा पांडवलेण्यात होता. गावापासून आठेक किलोमीटरवर, आग्रा रोडला लागून असलेल्या डोंगरात. तात्यांना ब्राह्मी येत नव्हती. पण त्यांच्या ओळखीच्या एका मास्तरांनी दहाव्या लेण्यातल्या शिलालेखाचा तर्जुमा करून दिला होता. तो कागद तात्यांच्या पाकिटात बरीच वर्षं असायचा, घड्यांवर फाटलेला. लेख आहे उषवदाताचा. क्षत्रप नहपानाचा हा जावई, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यानं लेणं खोदून संघाला दिलं आणि भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव केली. त्यातले दोन हजार गोवर्धनातल्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे धंद्याच्या संघटनेकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं. एक हजार कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी.

तात्या लेण्याच्या ओसरीत बसायचे, काडीनं धुळीत आकडे मांडायचे. दोन हजारावर दरमहा एक टक्का म्हणजे वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, दोनशे चाळीस. "बघ," म्हणायचे, "मेळ बसला." एकोणीसशे वर्षांपूर्वीचा रोजमेळ जुळल्याचा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. देवळात त्यांचा चेहरा असा कधी होत नसे.

दोन श्रेणींना दोन दर का, यावर त्यांचं स्वतःचं मत होतं. ज्याची पत मोठी तो कमी व्याज देतो, म्हणजे पाऊण टक्का देणारे कोष्टी जास्त भरवशाचे. विद्वान काय म्हणतात ते त्यांनी विचारलं नाही. मला आजही त्यांचं म्हणणं पटतं.

पण त्यांचा खरा जीव होता तो लेखाच्या शेवटावर. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फळ्यांवर नोंदवलं, असं उषवदातानं लिहून ठेवलं आहे. निगमसभा म्हणजे नगरातल्या व्यापारी-कारागिरांची सभा. राजाचा जावई, हाताशी फौज असलेला माणूस, कोष्ट्यांकडे पैसे ठेवतो आणि त्याची नोंद बाजाराच्या सभेत करून घेतो. तात्यांच्या दृष्टीनं नाशिकची सगळ्यात मोठी गोष्ट ही होती. "आणि पेशव्यांनी? साधा रोखा नाही सापडत!" की पुन्हा गाडी मूळ पदावर.

त्याच लेण्यात उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखात आणखी एक गोष्ट आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसोर, आपल्या नाशिकजवळचं गोवर्धन आणि सोपारा, या चार ठिकाणी उषवदातानं चौसोपी विश्रामगृहं बांधली, विहिरी खोदल्या, आणि वाटेतल्या नद्यांवर नावा ठेवून उतार फुकट केला. बंदरातून घाट चढून देशावर येणाऱ्या तांड्यांचा हा रस्ता. नाशिकमधली व्यापाराची पहिली इमारत शोधायची तर ती गोवर्धनातली ही सराई आणि ती निगमसभा. दोन्हींचा दगडही आज दाखवता येत नाही. गंगापूर रस्त्यावर गोवर्धन गाव आहे, त्यापलीकडे काही नाही. पुढं आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या एका बाईनं आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशीच ठेव केली. ती कुंभारांच्या, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेण्यांकडे. आजीला उषवदातापेक्षा ही बाई जास्त आवडायची. पैसे कुणाकडे ठेवायचे ते तिला कळत होतं, म्हणायची.

१९०६ साली गोदावरी-दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपले ठसे पुन्हा मारलेले. हरलेल्या राजाचा चेहरा खाली, जिंकलेल्याची चिन्हं वर. इतिहासाच्या पुस्तकात हा पराक्रमाचा पुरावा म्हणून येतो. तात्यांनी तो सराफाच्या डोळ्यांनी पाहिला. नाणी वितळवली नाहीत, चांदी चोख होती म्हणून. राज्य बदललं, बट्टा लागला नाही.

गावातच, गंगेच्या काठावर काझीची गढी आहे. मातीची उंच टेकडी. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकला उत्खनन केलं ते इथल्या मातीच्या गढीवर. थराखाली थर, वस्तीखाली वस्ती. तात्या संध्याकाळी तिकडे बघायला जात. त्यांना खापरांतलं काही कळलं नाही, पण खड्ड्याची कड उभी कापल्यावर दिसणारे पट्टे त्यांना वहीच्या पानांसारखे मुळीच वाटले नाहीत, ही गोष्ट ते आवर्जून सांगत, कारण बरोबरच्या कुणीतरी तशी कविता केली होती. "माती ती मातीच. वहीत मिती असते." आता तीच गढी दर पावसाळ्यात ढासळते आणि काठावरच्या घरांना नोटिसा जातात.

पावसाळ्यावरून पुराची गोष्ट. नाशिककर पूर मोजतात तो नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. गुडघ्याला लागला, कमरेला लागला, छातीला लागला. मारुती बुडाला की पाणी भांडी बाजारात. सराफ बाजार आणि दहीपूल यांना दुहेरी भीती, समोरून गंगा आणि खालून सरस्वतीचा नाला. १९६९ च्या महापुरात पाणी थेट सरकारवाड्याच्या पायऱ्यांना लागलं. मी फार लहान होते, मला आठवतं ते एवढंच की आम्ही माडीवर झोपलेलो आणि खाली कुणीतरी कंदील घेऊन ओरडत होतं. बाकी सगळं ऐकलेलं. तात्या पेढीवर अडकले. मालकांनी तिजोरीतलं होतं ते बाहेर काढलं. तात्यांनी वह्या बांधल्या, उपरण्याचं गाठोडं केलं आणि डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून निघाले. घराकडची वाट बंद. उंच जोतं जवळपास एकच. ते सरकारवाड्याच्या पायऱ्या चढले आणि आणखी पाच-पन्नास माणसांबरोबर तिथंच थांबले.

आजीनं हे आयुष्यभर वापरलं. तात्या पेशव्यांवर घसरले की ती शांतपणे विचारायची, "त्या रात्रीचं भाडं दिलंत का वाड्याला?"

वह्या गच्चीवर वाळत घातल्या. जुन्या काळ्या शाईची अक्षरं पसरली, पण वाचता येत होती. दौतीतल्या निळ्या शाईनं अलीकडे लिहिलेली पानं साफ धुऊन निघाली. कुणाचं येणं, कुणाचं देणं, कळायला मार्ग नाही. तात्या सांगत की त्यानंतर पंधरा दिवस लोक आपणहून पेढीवर येत होते आणि आपल्याकडे किती निघतं ते सांगून लिहून देत होते. काही आले नसतील, पण ज्यांची नावं त्यांना आठवत ती आलेल्यांची. मी ही गोष्ट थोडी वजा करून घेते, तरी बरीच उरते.

सरकारवाडा का टिकला, हा प्रश्न मला अलीकडे पडायला लागला. त्याच्या आसपासचे वाडे कोसळले, विकले गेले, त्यांच्या जागी गाळे उभे राहिले. वाड्याची लाकडं शिसवी-सागवानी होती म्हणून तो टिकला असं म्हणता येत नाही. लाकडं सगळ्यांचीच चांगली होती. तो टिकला, कारण तो रिकामा पडला नाही. पेशव्यांच्या मागून इंग्रजांच्या कचेऱ्या आल्या. पोलिसांचं ठाणं आलं, ते पुढं हललं तरी सरकारवाडा पोलीस ठाणं हेच नाव घेऊन हललं. १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय, महाराष्ट्रातल्या जुन्यात जुन्या वाचनालयांपैकी एक, तेही काही काळ याच वाड्यात होतं. तात्यांनी आपली सगळी नाटकं आणि कादंबऱ्या तिथून आणून वाचल्या. थकबाकीदाराच्या घरचं वाचायला चालत होतं. मालक सरकार, मग दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर भाऊबंदकी नाही.

खासगी वाड्यांची गोष्ट उलटी. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला गोठली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात कौलं चाळायचा खर्चही निघेना, आणि भाडेकरूला सोडून जायला परवडेना. दोघंही खोटे नव्हते. आम्ही तिवंध्याजवळ ज्या वाड्यात राहायचो तिथं जिन्याची एक पायरी गेली, तर ती नवी कुणी बसवायची यावर माझं बालपण गेलं. आम्ही त्या पायरीवरून उडी मारायला शिकलो. आता तो वाडा नाही. अजूनही दर पावसाळ्यात महापालिका धोकादायक वाड्यांची यादी करते आणि दर पावसाळ्यात त्यातला एखादा बसतो. बातमीत ढिगाऱ्याचा फोटो येतो, त्यात एखादं कोरीव तुळईचं टोक दिसतं.

पेढीही गेली. तात्या गेल्यावर काही वर्षांनी मालकांच्या पुढच्या पिढीनं जागा दिली आणि पुरातून वाचलेल्या वह्या रद्दीत गेल्या. किलोवर. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मोडी वाचणारं घरात कुणी नव्हतं, त्यांचा तरी काय इलाज. त्याच वेळी रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या जुन्या वह्या शाबूत होत्या, आजही आहेत. गाव आणि आडनाव सांगा, तुमचे पणजोबा कधी आले होते ते काढून देतात. दोन्ही वह्या एकाच गावच्या, बहुधा एकाच दुकानच्या कागदाच्या. एकीत माणसं येऊन स्वतःचं नाव शोधतात, दुसरीत कुणी शोधत नाही.

सरकारवाड्याची लाकडं आता सांभाळली जात आहेत, त्याचं मला समाधान आहे. पण वाडा सांभाळणं म्हणजे खांबांना तेल पाजणं नव्हे. त्या पायऱ्यांसमोर दोनशे वर्षं जे चाललं ते आत गेल्यावर कळलं पाहिजे. पोतदारानं रुपया कसा पारखला, बट्टा कसा लावला, हंड्याला पोट कसं आणलं, मोड कशी वळती केली. गुलशनाबादचा एक रुपया, एक कसोटीचा दगड, एक मठारलेला हंडा, एक खतावणी, आणि शेजारी उषवदाताच्या लेखाचा साध्या मराठीतला तर्जुमा. याला मोठा निधी लागत नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची एक नामवंत संस्था आहे, जाणकार घरातच आहेत. सिंहस्थ तोंडावर आला आहे. घाट आणि रस्ते होतीलच. लाखो यात्रेकरू भांडी बाजारातून जातील तेव्हा त्यातले काही शेकडे तरी या पायऱ्या चढावेत, अशी व्यवस्था तेवढ्यात बसावी.

वस्तू मात्र खात्याकडे आपोआप येणार नाहीत, त्या आपल्याच माळ्यावर आहेत. नाशिक, येवला, चांदवड, सिन्नर, कुठल्याही जुन्या बाजारपेठेच्या गावात तुमचं घर असेल आणि लाल कापडातल्या वह्या, मोडीतले रोखे, तागड्या, नाव घातलेली भांडी शिल्लक असतील, तर घर रिकामं करण्याच्या घाईत त्या रद्दीवाल्याला देऊ नका. वाचता येत नाही हे कारण पुरेसं नाही. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तिथं शिकलेली तरुण मुलं-मुली गावोगाव आहेत आणि त्यांना वाचायला कागद हवे आहेत. आधी एखाद्या मोडी जाणणाऱ्याला बोलवा, पानांचे फोटो काढून ठेवा, मग वहीबद्दल जवळच्या जुन्या वाचनालयाला किंवा संग्रहालयाला विचारा. आणि त्यात कुठं सरकारवाड्याला दिलेल्या कर्जाची नोंद सापडली, तर मला जरूर कळवा. आमच्या घरचं एक खातं अजून उघडं आहे.